पाच नंबरचा माणूस

इंटर-हॉस्टेल फुटबॉलची टीम ठरवायची वेळ आली की आमच्या विंगमध्ये दर वर्षी एकच सीन होतो. दहा जणांना स्ट्रायकर व्हायचं असतं, तीन जणांना विंगर, आणि उंच म्हणून एकाला जबरदस्तीने गोलकीपर केलं जातं. बॅकला जाड पोरं टाकतात. मग शेवटी मिडफिल्डच्या मागच्या बाजूला एक जागा उरते. "तिथे कोण?" असं कॅप्टनने विचारलं की सगळे बुटाच्या लेस बांधायला लागतात. गेली दोन वर्षं ती जागा माझ्याकडे आहे. माझ्यात काही खास आहे म्हणून नव्हे, मी मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून.

या जागेला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणतात. काम काय, तर समोरच्याचा हल्ला बॅकपर्यंत पोचण्याआधीच मोडायचा, सुटलेला बॉल गोळा करायचा, आणि ज्याला खरंच खेळता येतं त्याच्याकडे तो बिनबोभाट सरकवायचा. गोल झाला तर टाळ्या त्याला, गोल खाल्ला तर शिव्या आपल्याला. मेसच्या बटाट्यासारखी गत! सगळ्या भाज्यांमध्ये असतो, पण "आज बटाटा मस्त झालाय" असं कुणी म्हणत नाही.

मोठमोठ्यांनाही हे कळत नाही, म्हणून मला थोडं बरं वाटतं. २००३ साली रेआल माद्रिदने बेकहॅम आणला आणि त्याच उन्हाळ्यात क्लोद माकेलेले नावाचा, बॉल हिसकावून दुसऱ्याला देणारा माणूस चेल्सीला विकून टाकला. पुढची लीग जिंकायला त्यांना २००७ उजाडलं. २०२४ मध्ये याच जागेवर खेळणाऱ्या रोद्रीला बॅलन डी'ओर मिळाला, तेव्हा आमच्या टीव्ही रूममधल्या अर्ध्या पब्लिकचा प्रश्न होता की याने गोल किती मारले!

असो. सांगायचंय ते या सगळ्यांच्या खूप आधीच्या माणसाबद्दल. नाव ओब्दुलिओ वारेला, देश उरुग्वे. १९५० चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीमचा हा कॅप्टन. फुटबॉलचा थोडाफार नाद असलेल्यांनी त्याची गोष्ट ऐकलेली असते, पण ती एका रागीट, दणकट कॅप्टनची गोष्ट म्हणून. तो मैदानात कुठे उभा राहायचा आणि तिथे उभं राहून नेमकं काय करायचा, हा भाग सगळे गाळतात. मला वाटतं, त्याचा स्वभाव आणि त्याची जागा या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

ओब्दुलिओचा जन्म २० सप्टेंबर १९१७ चा, मोंतेविदेओ शहरातला. आफ्रिकन, स्पॅनिश आणि ग्रीक असं तिन्ही रक्त अंगात. पूर्ण नाव ओब्दुलिओ हासिंतो मुइन्योस वारेला. यातलं मुइन्योस हे बापाचं आडनाव, वारेला आईचं. आयुष्यभर त्याने लावलं ते आईचं. घरी गरिबी. शाळा लवकर सुटली, पोरवयातच रस्त्यावर पेपर विकायची वेळ आली. फुटबॉल गल्लीत शिकला. आधी छोट्या क्लबांतून, १९३८ पासून मोंतेविदेओच्याच वाँडरर्सकडून आणि १९४३ पासून पेन्यारोलकडून खेळला. उरुग्वेत पेन्यारोल आणि नासिओनाल हे दोनच क्लब म्हणजे सगळं काही, म्हणजे आपल्याकडे कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तसं. पेन्यारोलसोबत त्याने सहा वेळा लीग जिंकली. देशाकडून ४५ सामने खेळला. १९४२ साली दक्षिण अमेरिकेची स्पर्धाही जिंकली.

आता थोडं टेक्निकल. त्या काळी टीम मांडायची पद्धत होती दोन-तीन-पाच. मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. या तीन हाफमधला मधला म्हणजे सेंटर-हाफ, पाठीवर नंबर पाच. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. मग इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने या मधल्या माणसाला मागे ओढून दोन बॅकच्या मधोमध नेऊन उभं केलं. तिकडे सेंटर-हाफ म्हणजे शुद्ध डिफेंडर झाला, आणि आजही इंग्रजीत तोच अर्थ चालतो. दक्षिण अमेरिकेत मात्र तो मधोमधच राहिला. मागच्यांचं छप्पर आणि पुढच्यांचा पाया, दोन्ही तोच. तिथल्या लोकांच्या तोंडात इंग्रजी सेंटर-हाफचं झालं 'सेंट्रोहास'. आपल्याकडे अल्फोन्सोचा हापूस झाला तसंच. अर्जेंटिना-उरुग्वेत अजूनही या जागेवरच्या माणसाला नुसतं 'पाच' म्हणतात. म्हणजे आज ज्याला आपण डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणतो त्याचा हा आजोबा.

ओब्दुलिओ धावायला फार चपळ नव्हता. उंच, जडसा, खांदे भरलेले. जिथे बॉल येणार तिथे तो आधीच असायचा, त्यामुळे पळायची गरजच कमी. पण या जागेवरच्या माणसाचं खरं हत्यार पाय नसून तोंड असतं, हे त्याच्याकडे बघून कळतं. सगळं मैदान फक्त त्यालाच दिसतं. मागे दोघं, पुढे पाच, दोन्ही बाजूंना एकेक, मधोमध हा. कोण कुठे सुटलाय, कोणाचा दम गेलाय, कोण घाबरलाय हे ओरडून सांगायचं काम त्याचं. सहकारी त्याला 'एल नेग्रो हेफे' म्हणायचे, म्हणजे काळा सरदार. आजच्या कानांना हे नाव खटकेल, पण तिथे ते आदराने घेतलं जायचं आणि अजूनही घेतलं जातं.

मैदानाबाहेरही त्याची जागा हीच होती, असं माझं मत आहे. ऑक्टोबर १९४८ मध्ये उरुग्वेच्या व्यावसायिक खेळाडूंनी संप केला. तेव्हा क्लब म्हणजे मालक आणि खेळाडू म्हणजे मालमत्ता. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. खेळाडूंच्या संघटनेला कुणी मोजत नव्हतं. ओब्दुलिओ तेव्हा ३१ वर्षांचा, देशातला सगळ्यात मोठा खेळाडू. त्याचं स्वतःचं व्यवस्थित चाललं होतं. या वयात संप करून त्याला मिळणार काय होतं? फायदा झालाच असता तर तो मागून येणाऱ्या पोरांना. तरी तो संपाच्या पुढच्या फळीत उभा राहिला. संप काही महिने चालला, लीग ठप्प झाली, कित्येकांनी मिळेल ते काम धरलं. १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये दक्षिण अमेरिकेची स्पर्धा झाली, तिथे उरुग्वेला या सगळ्यांशिवाय टीम पाठवावी लागली आणि ब्राझीलने त्यांना ५-१ असं धुतलं. हा स्कोअर लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी माराकानात येऊन बसलेल्या लोकांच्या डोक्यात हाच होता.

आणखी एक किस्सा. पन्नासच्या दशकात पेन्यारोलने जर्सीवर कंपनीची जाहिरात लावायचं ठरवलं. आज जाहिरातीशिवायची जर्सी दाखवा म्हणाल तर म्युझियममध्ये जावं लागेल, पण तेव्हा ही नवलाई होती. दहा जण जाहिरातीची जर्सी घालून उतरले. अकरावा, म्हणजे ओब्दुलिओ, जुनीच जर्सी घालून आला. काळ्या माणसाच्या नाकात वेसण घालून त्याला बाजारात फिरवायचे दिवस गेले, असा त्याच्या म्हणण्याचा मतलब होता. त्याच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

तर १९५०.

हा वर्ल्ड कप आपल्यालाही जरासा चिकटलेला आहे. भारत त्यात पात्र ठरला होता. स्वीडन, इटली आणि पॅराग्वेच्या गटात नावही होतं, पण आपण गेलोच नाही. अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून गेलो नाही, ही गोष्ट प्रत्येक क्विझमध्ये ठोकून देतात. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. लांबचा प्रवास, तयारी आणि ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपला आपल्या फेडरेशनने न दिलेली किंमत, ही कारणं जास्त पटणारी आहेत. आणखीही काही टीम आल्या नाहीत. गळती इतकी की उरुग्वेच्या गटात दोनच टीम उरल्या. त्यांनी बोलिव्हियाला ८-० हरवलं आणि एका मॅचमध्ये शेवटच्या चारांत येऊन बसले.

त्या वर्षी फायनल अशी नव्हतीच. चार टीमचा शेवटचा गट, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, जास्त पॉइंट त्याचा कप. ब्राझीलने स्वीडनला ७-१ चिरडलं, त्यातले चार गोल एकट्या आदेमीरचे. मग स्पेनला ६-१. उरुग्वेचं काय, तर स्पेनविरुद्ध १-२ मागे पडले आणि वाचले ते कसेबसे. बरोबरीचा गोल लांबून कुणी ठोकला? पाच नंबरने. म्हणजे गोल मारायला येत नव्हतं असं नाही, तो त्याचा रोजचा धंदा नव्हता इतकंच. पुढे स्वीडनविरुद्धही १-२ वरून शेवटच्या पंधरा मिनिटांत ३-२ केलं. आता ब्राझीलचे चार पॉइंट, उरुग्वेचे तीन. १६ जुलै १९५०, रिओमधलं कोरं करकरीत माराकाना स्टेडियम, आणि ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी.

तिकिटांचा अधिकृत आकडा १,७३,८५०. प्रत्यक्षात दोन लाखांच्या घरात लोक होते म्हणतात. उरुग्वेची सगळी लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांच्या आत, म्हणजे जवळपास देशाचा बारावा हिस्सा एका मैदानात विरोधात बसलेला! ब्राझीलच्या पेपरांनी आधीच निकाल लावला होता. एका पेपरने टीमचा फोटो छापून हेच जगज्जेते असं जाहीर केलं. ओब्दुलिओने म्हणे त्याचे मिळतील तेवढे अंक विकत घेतले, हॉटेलच्या बाथरूममध्ये पसरले आणि सहकाऱ्यांना त्यावर जे करायला सांगितलं ते या मॅगझिनच्या संपादकांना छापवणार नाही. रिओच्या महापौरांनी मॅचच्या आधी भाषणात ब्राझीलला विजेते म्हणून टाकलं. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांच्या खिशात पोर्तुगीज भाषेतलं अभिनंदनाचं भाषण तयार होतं. उरुग्वेच्या स्वतःच्या पदाधिकाऱ्यांचं म्हणणं काय, तर कमी गोलांनी हरा म्हणजे झालं.

कोचने ड्रेसिंग रूममध्ये बचावात्मक खेळायला सांगितलं. तो बाहेर गेल्यावर ओब्दुलिओ उभा राहिला आणि म्हणाला की कोच भला माणूस आहे, पण आज त्याचं चुकतंय, नुसता बचाव केला तर आपलंही स्पेन-स्वीडन होणार. मग बोगद्यातून मैदानाकडे जाताना पोरांना बजावलं की वर बघू नका, मॅच खाली असते, वर बसलेले लाकडाचे आहेत.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. बचावाचा माणूस म्हणतोय की बचाव करू नका! पण त्यात विसंगती नाही. मागे गोळा होऊन बसणं आणि हल्ला मधल्या मध्ये मोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मागे बसलं की समोरच्याला मैदान मिळतं, वेळ मिळतो, आणि दोन लाख लोकांचा आवाज मिळतो. स्पेन आणि स्वीडनचं तेच झालं होतं. उरुग्वेने गाम्बेत्ता आणि रोद्रिगेस आंद्रादे या बाजूच्या दोन हाफना ब्राझीलच्या दोन्ही विंगरवर ठेवलं. म्हणजे मधला मोकळा पट्टा राखायची जबाबदारी मुख्यतः ओब्दुलिओवर आली. त्या पट्ट्यात झिझिन्यो, जाइर आणि आदेमीर, म्हणजे त्या घडीची जगातली सगळ्यात भारी तिकडी. हाफटाइमला स्कोअर ०-०. त्या तिघांनी अख्ख्या मॅचमध्ये एकही गोल मारला नाही. मॅचच्या स्कोअरकार्डात ओब्दुलिओच्या नावापुढे काहीच नाही. पण झिझिन्यो, जाइर आणि आदेमीरच्या नावापुढेही काही नाही, आणि तेच त्याचं काम. आणि हे धक्काबुक्की करून नव्हे. त्या मॅचमध्ये उरुग्वेचे फाऊल ब्राझीलच्या जवळपास निम्मेच होते.

सेकंड हाफ सुरू होऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच फ्रियासाने गोल मारला. ब्राझील १-०. दोन लाख लोक उठले, फटाके सुरू झाले.

आणि आता तो क्षण. ओब्दुलिओने जाळ्यातून बॉल उचलला, काखेत घेतला आणि सावकाश, अगदी रमतगमत लाइन्समनकडे निघाला. ऑफसाइडची तक्रार होती म्हणे. मग रेफ्रीकडे. रेफ्री इंग्लंडचे जॉर्ज रीडर, वय ५३. त्यांना स्पॅनिश येत नाही, याला इंग्रजी येत नाही. मग दुभाषा बोलवा, असा याचा हट्ट. किती वेळ गेला? कुणी एक मिनिट म्हणतं, कुणी सात. गोष्ट जितकी जुनी तितकी मिनिटं वाढतात. पण हळूहळू जल्लोष थांबला. लोक आता गोलबद्दल ओरडायच्या ऐवजी या एका माणसाला शिव्या घालायला लागले, आणि तेही दमले. मग तो मध्यरेषेवर आला, बॉल ठेवला आणि पोरांना म्हणाला, चला, आता जिंकायला सुरुवात करू.

गोल ऑफसाइड नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे कित्येक वर्षांनी त्याने ते स्वतःच सांगितलं. त्याला एवढंच दिसत होतं की या उधाणात खेळ लगेच सुरू झाला तर आणखी चार गोल बसतील. मेकॅनिकलवाल्यांना हे पटकन कळेल. सिस्टिम रेझोनन्सला आली आहे, बाहेरून प्रत्येक सायकलला ताकद मिळतेय, अशा वेळी तुम्ही उलट्या बाजूने जोर लावून काही होत नाही, डॅम्पिंग लागतं. ओब्दुलिओने दोन लाखांच्या स्टेडियमला डॅम्पर लावला. एकही किक न मारता! माझ्या मते फुटबॉलच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी डिफेन्सिव्ह मूव्ह आहे. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर दर मॅचला हेच तर करतो. समोरच्याची लय तोडतो. फक्त रोज ते दहा सेकंदांचं असतं म्हणून कुणाला दिसत नाही.

त्यानंतरची कहाणी रेकॉर्ड बुकात आहे. ६६ व्या मिनिटाला ओब्दुलिओने उजवीकडे गिजियाला बॉल दिला. गिजियाने ब्राझीलच्या बिगोदेला मागे टाकून आत मारला आणि स्कियाफिनोने गोल केला. १-१. ब्राझीलला अजूनही बरोबरी पुरेशी होती, पण स्टेडियम गप्प झालं. ७९ व्या मिनिटाला पुन्हा गिजिया त्याच बाजूने सुटला. गोलकीपर बार्बोसाला वाटलं की हा मघासारखा आत मारणार, म्हणून तो जरासा पुढे सरकला, आणि गिजियाने पोस्ट आणि कीपरच्या फटीतून बॉल घातला. २-१. मॅच संपली तेव्हा समारंभ करायलाच कुणी उरलं नव्हतं. रिमेसाहेब कप हातात घेऊन गर्दीत हरवल्यासारखे उभे होते. शेवटी ओब्दुलिओ दिसला, तेव्हा त्याच्या हातात कप देऊन हात मिळवला आणि संपलं. भाषण खिशातच राहिलं.

गिजिया आणि स्कियाफिनो जगप्रसिद्ध झाले, आणि व्हायलाच हवे होते. पुढे गिजिया रोमाला गेला, स्कियाफिनो मिलानला. ओब्दुलिओ पेन्यारोललाच राहिला.

ब्राझीलमध्ये मात्र सूतक आलं. तिथे बार्बोसा आणि बिगोदे यांना जन्मभर गुन्हेगारासारखं जगावं लागलं. दोघेही काळे होते, हा योगायोग नसावा. ओब्दुलिओने मॅचमध्ये बिगोदेच्या कानाखाली मारली आणि तो गप्प बसला, अशी अफवा तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यात तथ्य नसल्याचं स्वतः बिगोदे सांगत राहिला, पण ऐकतो कोण. ब्राझीलने पांढरी जर्सीच टाकून दिली. आज आपण जी पिवळी घालून मिरवतो ती त्यानंतरची.

त्या रात्री उरुग्वेची टीम हॉटेलात होती. बाहेर पडणं धोक्याचं होतं. पण ओब्दुलिओ टीमच्या मालिशवाल्याला बरोबर घेऊन बाहेर पडला आणि रिओच्या एका बारमध्ये जाऊन बसला. आजूबाजूला माणसं रडत होती, अक्षरशः धाय मोकलून. कुणीतरी त्याला ओळखलं. आता मार पडणार असं वाटलं, पण त्या माणसांनी त्याला बरोबर प्यायला बसवलं. पहाटेपर्यंत तो त्यांच्यात बसून होता. दुपारभर ज्या गर्दीला त्याने लाकूड मानलं होतं, ती जवळून बघितल्यावर माणसांची निघाली. आपण या लोकांचं केवढं नुकसान केलं, आणि ते कुणासाठी, हा विचार त्याच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

कुणासाठी, याचं उत्तर लवकरच मिळालं. उरुग्वेच्या फुटबॉल पदाधिकाऱ्यांनी विजयाबद्दल स्वतःला सोन्याची पदकं घेतली आणि खेळाडूंना चांदीची दिली, वर थोडे पैसे. एदुआर्दो गालेआनो या उरुग्वेच्या मोठ्या लेखकाने हे लिहून ठेवलंय. बक्षिसाच्या पैशांत ओब्दुलिओने १९३१ चं मॉडेल असलेली एक जुनी फोर्ड घेतली. ती आठवड्याच्या आत चोरीला गेली. (हे मी रचलेलं नाही, शप्पथ.) मोंतेविदेओत विमानतळावर स्वागताला अफाट गर्दी होती, तर हा कोटाची कॉलर वर करून, हॅट पुढे ओढून गुपचूप सटकला.

१९५४ च्या वर्ल्ड कपला तो ३६ वर्षांचा होता. स्वित्झर्लंडमध्ये उरुग्वेने चेकोस्लोव्हाकियाला २-०, स्कॉटलंडला ७-० हरवलं. क्वार्टर फायनल इंग्लंडशी. त्यात ओब्दुलिओने लांबून गोल मारला आणि त्याच मॅचमध्ये त्याचा पाय दुखावला. बदली खेळाडू तेव्हा मिळत नसे, त्यामुळे दुखऱ्या पायानेच ती मॅच संपवली. उरुग्वे ४-२ जिंकलं. सेमी फायनल हंगेरीशी, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात जबरदस्त टीमशी. ओब्दुलिओ खेळू शकला नाही. मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि उरुग्वे ४-२ ने हरलं. वर्ल्ड कपमधला उरुग्वेचा हा पहिला पराभव. ओब्दुलिओ दोन वर्ल्ड कपमध्ये सात सामने खेळला. त्यांपैकी सहा जिंकले, एक बरोबरीत सुटला, हरला एकही नाही. डिफेन्सिव्ह मिडफिल्डरची किंमत मोजायची असेल तर तो नसलेली मॅच बघावी लागते. तो असताना बघून काही कळत नाही.

१९५५ मध्ये त्याने बूट टांगले. थोडे दिवस कोचिंग केलं, पण पदाधिकाऱ्यांशी त्याचं जमणं शक्यच नव्हतं. पुढची चाळीस वर्षं मोंतेविदेओत साधेपणाने, हातातोंडाची गाठ घालत काढली. पत्रकारांना तो टाळायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अर्जेंटिनाचा लेखक ओस्वाल्दो सोरियानो त्याच्याशी बोलायला गेला, तेव्हा तो बोलला, आणि जे बोलला त्याने उरुग्वेचे लोक चक्रावले असणार. ती मॅच जिंकून आपण फक्त पदाधिकाऱ्यांची छाती फुगवली, असं त्याचं मत झालं होतं. पुन्हा ती फायनल खेळायची वेळ आली तर मी आपल्याच गोलात बॉल मारीन, इथपर्यंत तो गेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. एवढी मोठी गोष्ट, आणि हा माणूस तिला लाथ मारतोय! नंतर वाटलं, त्याने जन्मभर एकच केलं. ज्याच्यावर हल्ला होतोय त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला. संपात नव्या पोरांच्या पुढे, माराकानात आपल्या दोन बॅकच्या पुढे. त्या रात्री बारमध्ये रडणाऱ्यांच्या पुढे उभं राहायची सोय नव्हती, कारण हल्ला त्याचाच होता. अर्थात हा माझा तर्क आहे, त्याने असं काही म्हटलेलं नाही.

२ ऑगस्ट १९९६ ला मोंतेविदेओत तो गेला, वयाच्या ७८ व्या वर्षी. त्या अकरा जणांतला शेवटचा उरला तो गिजिया. तो गेला २०१५ साली, आणि तारीख कोणती, तर १६ जुलै. बरोबर पासष्ट वर्षांनी. जगभरच्या पेपरांनी गोलची गोष्ट पुन्हा छापली. त्या गोलच्या आधी तेरा मिनिटं, बरोबरीच्या गोलसाठी, गिजियाला बॉल कुणी दिला होता हे मी त्या बातम्यांत शोधलं. काहींत होतं, बऱ्याच ठिकाणी नव्हतं.

यंदा टीमची मीटिंग सबमिशनच्या आठवड्यात आहे. मी वेळेवर जाणार आहे, आणि पाच नंबरची जर्सी आधीच मागून घेणार आहे. तशी ती शेवटपर्यंत कुणी उचलत नाही म्हणा.